त्या कॅरिब कुटुंबाच्या चित्राविषयी

प्रिय मंदार,

तू पाठवलेलं चित्र पाहिलं. ‘काय निवांत संसार आहे!’ असं लिहिलंयस. आहेच. झोपडीबाहेर सगळं घरदार, कुणालाही कसली घाई नाही. दिवाणखान्यात शोभेल. पण खिळा ठोकण्याआधी चित्रकार कुणाच्या पदरी होता, ते ऐक.

अगोस्तिनो ब्रुनियास मूळचा रोमचा. लंडनमध्ये रॉबर्ट ॲडम या वास्तुविशारदाकडे कामाला होता. 1763च्या पॅरिस तहात कॅरिबियन समुद्रातली डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट वगैरे बेटं इंग्रजांना मिळाली आणि तिथल्या जमिनी विकायला सर विल्यम यंगची नेमणूक झाली. ब्रुनियास त्याच्याबरोबर गेला. म्हणजे धनी ज्या कॅरिबांची, तिथल्या मूळ रहिवाशांची, जमीन उसाच्या मळ्यांसाठी विकायला निघालेला, त्यांचाच सुखी संसार हा रंगवतोय! गिऱ्हाइकाला शांत बेट दाखवावं लागतं रे. प्रत्यक्षात सेंट व्हिन्सेंटवर कॅरिबांनी मोजणी अडवली, फौज आली, लढाई झाली आणि 1773 मध्ये तह होऊन त्यांच्या वाट्याला बेटाचा उत्तरेकडचा तुकडा उरला.

तहाच्या प्रसंगाचंही चित्र ब्रुनियासने काढलं. पुढे ते छापताना खाली जमैकाच्या ‘मरून’ लोकांचं, म्हणजे गुलामीतून पळून स्वतंत्र राहणाऱ्यांचं, नाव घातलं! हजार मैलांवरची माणसं, पण छापणाऱ्याला काय त्याचं.

मला विचारशील तर माझं आवडतं चित्र शातोयेचं. आफ्रिकन आणि मूळचे कॅरिब यांच्या मिश्रणातून झालेल्या ‘काळ्या कॅरिबां’चा हा सरदार. चित्राच्या नावात पाच बायकांचा आवर्जून उल्लेख आहे, लंडनच्या वाचकाला तेवढीच मौज. बायकांच्या पाठीवर ओझी, आणि हा काठीला रेलून पाइप ओढत उभा. बायकांना राबवणारा आळशी रानटी माणूस, असंच दाखवायचं असणार. पण त्याचं उभं राहणं बघ. जागा आपल्या मालकीची असल्यासारखा उभा आहे गडी. ते काही ब्रुनियासला झाकता आलं नाही.

14 मार्च 1795 रोजी शातोये इंग्रजांशी लढताना पडला. मग त्याच्या हजारो माणसांना बालिसो नावाच्या उजाड बेटावर नेऊन टाकलं. जवळपास निम्मी तिथेच रोगराईने गेली. उरलेल्या दोन हजारांवर लोकांना 1797 मध्ये होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर सोडलं. आजचे गॅरिफुना त्यांचेच वंशज. ब्रुनियास 1796 मध्ये डॉमिनिकात वारला, म्हणजे ही लढाई अजून चालू असतानाच. सेंट व्हिन्सेंटने 2002 मध्ये शातोयेला पहिला राष्ट्रीय वीर ठरवलं.

तुझं चित्र लाव, माझी ना नाही. फक्त शातोयेचीही प्रत मिळव आणि फ्रेमवाल्याकडून दोन्ही एकाच मापात करून घे. फ्रेमचे पैसे मी देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश