उद्या एकोणनव्वदावं

ट्रॉम्सो, नॉर्वे
१४ डिसेंबर, आगमनकाळाचा तिसरा रविवार

ती. आई-बाबांना,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आई, परवा ड्युटीवरून हाक आली म्हणून फोन मध्येच ठेवावा लागला. तशीही तू विचारलेल्या सगळ्या गोष्टींची उत्तरं फोनवर होत नाहीत. बाबांशी जे बोलायचंय ते तर मुळीच होत नाही, कारण स्पीकर लावला की बाबा नुसतं ‘बरं, बरं’ म्हणतात. म्हणून हे पत्र. दादाकडून मोठ्या अक्षरांत छापून घे आणि बाबांना सावकाश वाचून दाखव.

आधी तुझी काळजी मिटवते. थंडी सोसवते. इथल्या किनाऱ्याला उबदार सागरी प्रवाह लागतो, त्यामुळे एवढ्या उत्तरेला असूनही बंदर गोठत नाही. घर गरम असतं. बर्फावरून पाय घसरू नये म्हणून बुटांना खाली खिळ्यांची पट्टी लावते, अंधारात गाडीवाल्यांना दिसावं म्हणून कोटाला चमकणारी पट्टी असते, आणि सकाळी चमचाभर कॉडच्या लिव्हरचं तेल घेते. वास तू लहानपणी पाजायचीस तसाच.

सोसायचा असतो तो अंधार. २१ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य डोंगराआड गेला तो आता २१ जानेवारीला दिसेल. अकरा ते एकच्या दरम्यान आकाश निळसर उजळतं, बर्फही निळा दिसतो, आणि पुन्हा रात्र. बाबा, तुमच्यासाठी मी हिशेब मांडून पाहिला. ट्रॉम्सो साधारण ६९.७ अंश उत्तर अक्षांशावर. २२ डिसेंबरच्या सुमारास, सर्वांत लहान दिवशी, नगरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंश वर असतो. इथे तो त्याच वेळी क्षितिजाच्या खाली असतो, पण किती? फक्त तीन अंश. दोनदा ताळा केला. रस्त्यावर दिवे, खिडकीत अंधार, आणि सूर्य तीन अंशांवर. कामावर जाताना हा आकडा मी मनाशी धरून असते.

आई, तू विचारलंस, ‘मागचा हिवाळा तुला जड गेला ना?’ हो, गेला. झोपेचं सगळं तंत्र बिघडलं. रात्री टक्क जाग, दिवसा कामावर डोळे मिटायला लागायचे. कपडे बदलायच्या खोलीत उगाच रडू यायचं. सगळ्यांत वाईट म्हणजे प्रार्थनेला बसले की शब्दच यायचे नाहीत. ‘प्रभू’ म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. डॉक्टरांनी रोज सकाळी अर्धा तास बसायला १०,००० लक्सचा दिवा सांगितला, ड जीवनसत्त्व दिलं, झोपेच्या वेळा बांधून दिल्या. त्याने फरक पडला. तू मिशन दवाखान्यात आयुष्य काढलंस, रुग्णाच्या उशाशी प्रार्थना करून लगेच सलाईन बघणारी तू. तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत हे तुला मी काय सांगणार! यंदा दिवा ऑक्टोबरातच टेबलावर आणून ठेवला.

पण दिव्यासमोर बसलेल्या त्या अर्ध्या तासात मी काय करत होते, ते बाबांना सांगायचंय.

बाबा, आपल्या घरात रात्री साडेआठला प्रार्थना, आणि प्रार्थनेत पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, ओळीने एक स्तोत्र. पहिल्यापासून दीडशेपर्यंत. ११९ वं लांब, १७६ ओव्यांचं, म्हणून त्याचे बावीस भाग करून बावीस दिवस. संपलं की पुन्हा पहिलं. तुम्ही कधी प्रसंग बघून स्तोत्र निवडलं नाहीत. घरात लग्न असो, ताप असो, आजीला पोचवून आलेली रात्र असो, रिबीन जिथे असेल ते वाचायचं. मी सहावीत असेन, ८८ वं आलं. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटाकडे वळतात, रडणारा माणूस स्तुतीला लागतो. हे मात्र वळत नाही. मित्र दूर गेले, प्रभूने तोंड लपवलं, आणि शेवटच्या ओळीत अंधार, तिथेच संपतं. मी विचारलं होतं, ‘बाबा, याचा शेवट असा का?’ तुम्ही रिबीन पुढच्या पानावर सरकवलीत आणि म्हणालात, ‘उद्या एकोणनव्वदावं आहे.’ आईने पानं घेतली आणि आपण जेवायला बसलो.

मागच्या हिवाळ्यात, जानेवारीत, शब्द येईनात तेव्हा मी तेच केलं. स्वतःचं काही बोलायचा प्रयत्न सोडला आणि दिव्यासमोर बसून ओळीने स्तोत्रं वाचायला लागले, रोज एक, मोठ्याने, मराठीत. ८८ वं आलं त्या सकाळी मला पहिल्यांदा एकटं वाटलं नाही. माझ्या आधी कुणीतरी हे असंच, काहीही न सावरता, देवासमोर बोललं होतं. आणि देवाच्या लोकांनी ते काढून न टाकता शास्त्रात जपलं, मंदिरात गायलं. म्हणजे अंधारात बसलेल्या माणसालाही मंडळीत जागा आहे, त्याने आधी हसरं तोंड करून यायची अट नाही. दुसऱ्या दिवशी ८९ वं, परमेश्वराच्या दयेचं गाणं सर्वकाळ गाईन म्हणणारं. मला त्या दिवशी गावंसं वाटत नव्हतं. तरी वाचलं, कारण पाळी त्याची होती. बाबा, मला आशा मिळाली ती अशी. मन हलकं झालं नव्हतं, बाहेर उजाडलं नव्हतं, फक्त पुढचं पान होतं आणि ते माझ्यासाठी आधीच लिहून ठेवलेलं होतं. प्रभू माझ्या मनःस्थितीवर अवलंबून नाही, हे मी संडे स्कूलपासून ऐकत आले. इथे त्याचा अनुभव घेतला.

रविवारी मी गावातल्या कॅथेड्रलला जाते. सगळं लाकडी, १८६१ साली बांधलेलं. नॉर्वेत प्रोटेस्टंट लाकडी कॅथेड्रल हे एवढंच. नाताळाआधीच्या, आगमनकाळाच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती लावतात, त्यातली तिसरी जांभळी आज लागली. उपासना नॉर्वेजियनमध्ये, बरीचशी समजते आता. पण प्रभूची प्रार्थना आली की मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असं आपलंच पुटपुटते, आणि ‘आमेन’ला सगळे जवळपास बरोबर पोचतो. येताना बसमध्ये ना. वा. टिळकांची गीतं गुणगुणते. आपल्या चर्चमधल्या पेटी-तबल्याशिवाय ती जरा उघडी वाटतात, पण गुणगुणते. वॉर्डातली फिलिपिनो मैत्रीण कॅथलिक आहे. त्यांच्याकडे १६ तारखेपासून नाताळापर्यंत नऊ दिवस पहाटेची मिस्सा असते. परवापासून मला घेऊन जाणार म्हणते. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून करंज्या करून बघणार आहे. आई, सारण कोरडं होऊ नये म्हणून तू काय करतेस ते कळव.

गावातल्या बहुतेक खिडक्यांत आत्ता कागदाची चांदणी लावलेली आहे, आपल्या गल्लीत नाताळात लावतात तशी. बाबा, हिचं मूळ ऐकून तुम्हाला बरं वाटेल. जर्मनीत मोरेवियन ख्रिस्ती लोकांच्या शाळेत १८३० च्या दशकात ती भूमितीच्या तासाला तयार झाली. घन आकृती घ्यायची, तिला १८ चौरस आणि ८ त्रिकोण अशा २६ बाजू. एक चौरस टांगायला सोडून बाकी प्रत्येक बाजूवर एक टोक, म्हणजे पंचवीस टोकं. तुम्ही आठवीच्या मुलांकडून पुठ्ठ्याचे घन करून घ्यायचात ते आठवलं.

आमच्या वॉर्डात नव्वदीकडे झुकलेल्या एक आजी आहेत, मूळच्या पार उत्तरेच्या फिनमार्कच्या. १९४४ च्या शेवटी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो मुलूख जाळत नेला, सुमारे ५०,००० लोकांना जबरदस्तीने घराबाहेर काढलं. या तेव्हा लहान होत्या, मासेमारीच्या बोटीतून इथे आल्या. रोज दुपारी बाराला त्यांची चाकाची खुर्ची दक्षिणेच्या खिडकीशी न्यावी लागते. आकाशाची खालची कड तांबूस होते, ती त्यांना बघायची असते. डोंगरातली नेमकी कुठली जागा, कुठून सूर्य डोकावणार, हे त्या बोटाने दाखवतात. त्या दिवशी गावभर जॅम भरलेले गोड गोल पाव खातात, त्यांची ऑर्डर त्यांनी माझ्याकडे आत्ताच देऊन ठेवली आहे. त्यांनी मला त्या पहिल्या नाताळाचं सांगितलं. परक्या घराचं स्वयंपाकघर, भावंडं जमिनीवर. शास्त्र घराबरोबर जळालेलं. नाताळच्या संध्याकाळी त्यांच्या आईने मुलांना ओळीने बसवलं आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला येशूच्या जन्माचा वृत्तान्त पाठ म्हणून दाखवला, नेहमी वाचायची तसाच, मध्ये थांबायची तिथे थांबत.

बाबा, हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. काचबिंदूने तुमची नजर किती नेली ते दादाने सांगितलं. आणि फोनवर तुम्ही म्हणालात, ‘आता शास्त्र दिसत नाही, प्रार्थना आई घेते, मी नुसता बसून असतो. माझा आता काय उपयोग?’ ते मला रात्रभर लागून राहिलं. तुम्हाला किती स्तोत्रं तोंडपाठ आहेत! मी इथे जगाच्या टोकाला तुमच्या आवाजाच्या चालीवर वाचते, थांबते तिथे तुमच्यासारखी थांबते. त्या आजींच्या आईकडे पुस्तक नव्हतं आणि ऐंशी वर्षांनी तिची मुलगी ते मला सांगते आहे.

या आगमनकाळात मी लूक पुन्हा वाचला तर लक्षात आलं, नाताळाच्या गोष्टीत म्हातारी माणसं किती आहेत! आपल्या संडे स्कूलच्या नाटकात मेंढपाळ, देवदूत, पूर्वेकडचे ज्ञानी मागी यांचीच गर्दी असते. पण लूक सुरू करतो जखऱ्या आणि अलीशिबेपासून, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या आई-बापांपासून, दोघं वयाने उतरलेली. आणि बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा त्याला ओळखतात ते शिमोन आणि ८४ वर्षांची हन्ना. मंदिरातल्या एवढ्या लोकांत त्या दोघांनाच दिसलं. त्यात जखऱ्याकडे बघा. याजक माणूस, लोकांना आशीर्वाद देणं हे त्याचं काम, आणि त्याचीच वाचा जाते. स्वतःच्या बाळाला, योहानाला, नाव देईपर्यंत त्याला एक शब्द उच्चारता येत नाही. घरात नुसता बसून असेल तोही. आणि वाचा परत आल्यावर तो जे गातो त्याच्या शेवटी काय आहे? अंधारात आणि मृत्युच्छायेत बसलेल्यांवर वरून पहाट उगवेल, हे. हे गाणं देवाने गप्प बसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडी ठेवलं. त्याच्या गप्प बसण्याचे दिवस वाया गेले असं मला वाटत नाही. तुमचेही जात नाहीत, बाबा. तुम्ही खुर्चीत बसून एकेक नाव घेऊन प्रार्थना करता, पाळकसाहेब, शेजारची बाळंतीण, दूधवाला, त्याची आजारी म्हैस, आणि सगळ्यात शेवटी मी. मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे शब्द नव्हते तेव्हा त्या यादीत माझं नाव रोज घेतलं जात होतं. मी त्यावर उभी राहिले. उपयोग म्हणतात तो याहून वेगळा काय असतो ते मला ठाऊक नाही.

म्हणून मी एक ठरवलंय. तुमचे साडेआठ म्हणजे माझे दुपारचे चार. सकाळची पाळी साडेतीनला संपते, चारपर्यंत मी घरी पोचते. रोज त्या वेळेला फोन करीन आणि ओळीने पुढचं स्तोत्र मी वाचीन. दुपारपाळी असेल त्या दिवसांचं वाचन सकाळीच रेकॉर्ड करून आईच्या फोनवर पाठवीन. वाचन माझं, प्रार्थना मात्र बाबांनीच घ्यायची, पूर्वीसारखी, म्हशीसकट. आई, मध्ये अडलं तर तू पुढचा शब्द सांगायचा नाहीस, बाबा सांगतील.

आणि काचबिंदूचे थेंब रात्रीचे चुकवू नका. दोन वेगवेगळ्या औषधांचे थेंब घालायचे असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, हे आईला मी सांगायला नको. गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय आईने चर्चच्या पायऱ्या चढू नयेत. दादाला, वहिनीला आणि पिल्लांना सलाम.

बाबांच्या शास्त्रातली रिबीन आत्ता कुठल्या स्तोत्राशी आहे, तेवढं उद्या दुपारच्या आत मला मेसेज करा.

तुमची,
कृपा