आधी घर, मग पिल्लू

प्रिय मंद्या,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, 'बिअर्डेड ड्रॅगन घेतोय, टाकी कुठली घेऊ', म्हणजे तो दाढीवाला सरडा, बास एवढंच. मी उत्तर टाइप करायला लागलो तर ते संपेचना, म्हणून आता सरळ पत्रच लिहितोय, निवांत असशील तेव्हा वाच. पण एक आधीच सांगतो, पिल्लू अजून घरी आणलं नसशील तर आणू नकोस. तुझ्याकडं तो पाळायला परवानगी आहे का तेवढं बघून घे, मग घर तयार कर आणि मग पिल्लू. मी नेमकं उलटं केलं आणि भोगलं मात्र आबाने.

आबा म्हणजे आमचा ड्रॅगन, दाढीवरून नाव पडलं. आणला तेव्हा तळहाताएवढा होता. दुकानदाराने सोबत दोन फुटी काचेची टाकी, वाळूची पिशवी, वायरवाला गरम दगड आणि लाल बल्ब असं सगळं गळ्यात मारलं, आणि मी पण खूश, कारण टाकी खिडकीपाशी ठेवली होती आणि म्हणलं बघा, पोराला रोज ऊन मिळतंय. कसलं काय. तीनेक महिन्यांनी बघतो तर चालताना पोट घासत चाललाय, मागच्या पायाची बोटं आपोआप थरथरतायत आणि समोरचा किडा तोंडात धरायला गेला की सुटतोय. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं इतकी फिकट की शोधावी लागत होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, यूव्हीबी कुठलं लावलंय? मी म्हणलं खिडकी आहे ना. ते फक्त हसले.

तर ते यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, काचेतून जवळजवळ येतच नाही रे. उजेड येतो, ऊब येते, कामाची गोष्ट बाहेरच राहते. यूव्हीबीशिवाय त्याच्या कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नाही तर खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर ते हाडांतून ओढायला लागतं. आबा वाचला, पण जबडा अजून जरा वाकडाच आहे, खाताना दिसतो.

म्हणून तुझ्या पैशातला मोठा वाटा यूव्हीबी देणाऱ्या ट्यूबला ठेव. लांब टी५ हाय आउटपुट ट्यूब (बारीक पण जास्त ताकदीची), १० किंवा १२ टक्के यूव्हीबीवाली, आणि घराच्या निम्म्या लांबीची तरी हवीच. ते वळणदार छोटे सीएफएलसारखे बल्ब घेऊ नकोस, त्यांचा झोत एवढ्याशा जागेत पडतो. मधे जाळी असेल तर ती पण बरंच यूव्हीबी अडवते, त्यामुळे ट्यूब आणि ड्रॅगनची पाठ यातलं अंतर ट्यूबच्या खोक्यावरच्या तक्त्यात बघूनच ठरव, साधारण एक ते दीड फूट येतं. आणि वर्षाने बदलायची, उजेड छान दिसत असला तरी! यूव्हीबी आधीच उतरलेलं असतं आणि डोळ्यांना ते कळत नाही.

दुसरी गोष्ट ऊब. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला, फांदीवर नाहीतर दगडावर चढून ऊन खात बसणारा, म्हणजे त्याच्यासाठी ऊब वरूनच येते. त्याच्या डोक्यावर मधोमध एक बारीक ठिपका असतो बघ, तो तिसरा डोळाच म्हण, चित्र दिसत नाही त्यातून पण उजेड-सावली कळते. वरून हात घातला की दचकतात ते त्यामुळेच, त्याच्या लेखी ती घार असते. तो गरम दगड तर फेकूनच दे, खालून पोट भाजत असलं तरी हे लवकर हलत नाहीत.

एका टोकाला वर साधा हॅलोजन बल्ब, त्याच्याच शेजारी ट्यूब, म्हणजे ऊन आणि यूव्हीबी एकाच जागी, आणि दुसरं टोक गार. दिव्याखाली ऊन खात बसायला जी फळी ठेवशील तिचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, गार टोकाला २४ ते २८. रात्री सगळे दिवे बंद, लाल-निळे पण नाही, त्याला रंग दिसतात आणि झोप मोडते. खोली १८च्या खाली जात नसेल तर रात्री हीटर पण नको. दिवसाचे दिवे १२ ते १४ तास, टायमरवर, नाहीतर तू विसरणार, मी ओळखतो तुला.

मोजायला काचेवर चिकटवायचं ते गोल काट्याचं थर्मामीटर घेऊ नकोस. माझ्याकडचं ३२ दाखवत होतं, मी निर्धास्त, आणि मित्राची टेम्परेचर गन आणून फळीवर धरली तर ५१! म्हणजे आबा फळीवर चढायचा आणि अर्ध्या मिनिटात उतरायचा तो लाडात येऊन नव्हे. आता दिवा डिमिंग थर्मोस्टॅटवर आहे, उष्णता वाढली की तो दिवा आपोआप मंद करतो. फळीवर बसून तोंड उघडं ठेवून बसला तर घाबरू नकोस, जास्तीची उष्णता अशीच सोडतात, मग थोड्या वेळाने स्वतःहून गार बाजूला जातो. जायला गार बाजू असली पाहिजे एवढंच, आणि दोन फुटी टाकीत ती नसतेच.

म्हणून साइज चार बाय दोन बाय दोन फूट, त्याहून लहान नाही. मोठा झाला की शेपटीसकट दीड ते दोन फूट भरतो आणि वर्षभरात भरतो. लाकडी, पुढून सरकत्या काचा असलेलं घे, हात समोरून जातो. माझी टाकी चारी बाजूंनी काचेची होती, आबाला काचेत दुसरा आबा दिसायचा, दाढी काळीकुट्ट करून दिवसभर ओरबाडत बसायचा, तीन बाजूंना ब्राउन पेपर लावला तर दोन दिवसांत शांत. आणि हो, 'एकटा कंटाळेल' म्हणून जोडी आणायचा विचार करत असशील तर तो आत्ताच सोड. एकमेकांवर चढून बसतात ते प्रेम नसतं, वरचा खालच्याचं ऊन खातो.

तळाला वाळू नको, कॅल्शियमवाली तर अजिबात नको, ती मुद्दाम चाटतात आणि आतड्यात अडकते. पिल्लाला साधा टिश्यू पेपर, नंतर खरखरीत फरशी, नखं पण झिजतात. एक जाड फांदी, दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा, झालं. प्लास्टिकचे कॅक्टस तुझ्या हौसेचे, त्याला काही नाही.

खाण्याचं सविस्तर नंतर लिहीन, आत्ता एवढंच की किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, आणि पालेभाजी पहिल्या दिवसापासून दाखवत जा, खात नसला तरी.

आता तुझं काम. सगळं लावून झालं की रिकाम्या घरात आठवडाभर दिवे चालव. सकाळी दिवा लागल्यावर तासाभराने, दुपारी आणि पहाटे असं तीनदा मोज, फळी, गार टोक, दोन्ही. आकडे मला पाठव, फोटो नको, फोटोत सगळ्यांचीच टाकी छान दिसते. दुकानदार घाई करत असेल तर करू दे.

आबा आत्ता फळीवर चपटा होऊन पडलाय आणि एका डोळ्याने माझ्याकडं बघतोय. खायची वेळ झालीय त्याची, उठतो.

तुझा,
बाळ्या