पैठणीची पाठ पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराईत पैठणी घेताना गिऱ्हाईक साडी हातावर तोलते, पदराची झळाळी बघते आणि ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी दिसली की निर्धास्त होते. पण हे चिन्ह रेशीम अस्सल आहे एवढेच सांगते. साडी हातमागाची की यंत्रमागाची, हे त्यावरून कळत नाही. हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ हे वेगळे चिन्ह आहे.

खरी परीक्षा पदर उलटा करून होते. पारंपरिक विणीत मोर, मुनिया, वेल यांचा प्रत्येक रंग वेगवेगळ्या कांडीवरून हाताने भरतात. रंग संपतो तिथूनच धागा मागे वळतो आणि शेजारच्या धाग्यात अडकतो. म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षीसाठी धागे आपोआप उचलणाऱ्या मागावरच्या यंत्राच्या, पदरात मात्र पाठीमागे धागे एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत मोकळे धावतात. ते कातरले तरी बुट्टीच्या कडेला बारीक झालर उरते, बोटाला लागते. पदरामागे जाळी शिवलेली असेल तर हे काहीच दिसत नाही. अशा वेळी बिनजाळीचा नग मागावा. जॅकार्ड हातमागालाही बसवतात, त्यामुळे मोकळे धागे दिसले म्हणून साडी यंत्रमागाचीच असे नाही. पण हाताने भरलेल्या पदराचा भाव तिला देऊ नये.

‘भारी’ साडी म्हणजे जड साडी, हा समजही महागात पडतो. वजन जरीनेही वाढते. ‘टेस्टेड’ जरी म्हणजे तपासून घेतलेली जरी नव्हे! ते बाजारातले एका प्रकाराचे नाव आहे. तिची तार तांब्याची असते, चांदीचा फक्त मुलामा. तो उडाला की जरी काळवंडते. धूपछाव रंग दिसला म्हणूनही साडी हातमागाची ठरत नाही. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा, की ती छटा येते. यंत्रमागावरही येते.

शंका असल्यास दशांतले, म्हणजे साडीच्या टोकाला सुटलेल्या धाग्यांतले, एक-दोन धागे मागून जाळावेत. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. जरीचा धागा वेगळा जाळावा. प्लास्टिकची जरी आक्रसते, धातूची तार शिल्लक राहते.

पदर किती इंचांचा, हे टेपने मोजून घ्यावे, कारण हातविणीत पदराची लांबी वाढली की मजुरी वाढते. आणि बिलावर नुसते ‘पैठणी साडी १ नग’ चालवून घेऊ नये. हातमाग की यंत्रमाग, रेशीम कोणते, जरी कोणती, हे लिहून मागावे.

— एक वाचक, येवला