छातीत दुखलं की सोडा नको, आधी ईसीजी काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात ऐन रोप लावणीत वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम, डावा हात जड, आणि घरातल्या सगळ्यांचं निदान एकच, गॅस! मग ओवा, लिंबू-सोडा, पाठीला तेल, शेजारच्या काकूंची पित्ताची गोळी. तीन तास ह्यातच गेले. मीपण त्यातलाच, सोडा मीच आणलेला.

शेवटी बेळगावला हलवलं तर हार्ट अटॅक, हृदयाची एक नळी पूर्ण बंद, स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) घातला. डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते लिहितो कारण आमच्या खानापूर भागात घरोघरी हेच चालतंय. हृदय मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त फिरवतं पण त्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते वरून जाणाऱ्या बारीक कोरोनरी नळ्यांतून. बोअरची मोटर बघा, अख्खं रान भिजवते पण तिचा करंट येतो बारीक वायरीतनं, तसंच. नळीत वर्षानुवर्षं साठलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते, रक्त थांबतं आणि अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो. मेलेला परत येत नाही, तिथं वण पडतो आणि वण काय धडधडत नाही.

गुठळी विरघळवायचं टेनेक्टेप्लेस नावाचं इंजेक्शन असतं, पहिल्या तासा-दोन तासात दिलं तर जास्त फायदा (सगळ्यांना चालत नाही, ते डॉक्टरच ठरवतात). कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ ला गेले, त्यांच्या नावानं कर्नाटक सरकारची हृदय ज्योती योजना आहे, त्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत ईसीजी (हृदयाचा आलेख) आणि हे महागडं इंजेक्शन फुकट. मला हे कधी कळलं तर वडील घरी आल्यावर! एका दवाखान्यात ह्या योजनेचा बोर्ड होता म्हणे, पण नुसता कन्नडमध्ये. आमची आई तिथनंच शुगरच्या गोळ्या आणते, दर महिन्याला त्या बोर्डाखालनं जाते. सीमाप्रश्न राहूदे बाजूला, मला भाषेवरनं भांडायचं नाही, पण तेवढ्या चार ओळी मराठीत खाली लिहायला काय हरकत आहे?

वडिलांचं पंपिंग (एका ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) आता ३५ टक्के आहे, नॉर्मल माणसाचं ५५ च्या वर असतं म्हणतात. यंदा लावणीला बांधावर खुर्ची टाकून बसलेले, रोपाची एक पेंढी उचलून दिली आणि दम लागला.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर