मोहरीची उशी कपाटात आहे

स्टुटगार्ट, १८ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न.

पार्सल पोचलं. गोधडी, दोन कुंच्या, मेतकूट, सगळं नीट आलं. मोहरीची उशी तेवढी कपाटात ठेवली आहे, रागावू नकोस. इथे पहिलं वर्षभर बाळाला उशी नाही की पांघरूण नाही. उताणं झोपवायचं, तेही बिनबाह्यांच्या पिशवीत घालून. ‘मग डोकं मागून चपटं होईल त्याचं!’ ऐकू आलं मला. मीही हेच विचारलं होतं. बाळंतपणानंतर इथे सुईण घरी येते, विम्याच्या खर्चात. हेबामे म्हणतात तिला. ती म्हणाली, तो जागा असेल तेव्हा पालथा घाल.

म्हणून तुझी गोधडी जमिनीवर अंथरते आणि दिवसातून चार-पाचदा त्याला पालथा घालते. सुरुवातीला मिनिटभरात आकांत. मग मीही समोर पालथी पडायला लागले, नाकासमोर नाक. आता कोपरांवर रेलून मान उचलतो आणि तुझ्या जुन्या इरकलीचा काठ न्याहाळत बसतो.

साडेतीन महिन्यांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात धरून हळूच उठवलं, तर मान मागे पडली नाही. मान धरली गं! बाळाच्या तपासण्यांच्या पिवळ्या वहीत तशी नोंदही झाली. ड जीवनसत्त्वाची गोळी रोज चालू आहे, या दिवसांत इथे ऊन कुठलं? गुटी देत नाही, सहा महिने दूधच. तेल लावते मात्र, अगदी तुझ्यासारखं पायांपासून. टाळूवर नुसता हात फिरवते, दाबत नाही.

आता मुद्द्याचं. तो बोलतो. दीड महिन्याचा असताना ओळखून हसला, ते तुला कळवलंच होतं. आता ‘अग्गू’ म्हणतो आणि आपल्या तोंडाकडे बघत राहतो. आपण ‘हो का रे? मग?’ म्हणायचं आणि थांबायचं. तो आधी पाय झाडतो, ओठांचा चंबू करतो, मग कुठे आवाज फुटतो. या थांबण्यातच सगळं आहे, असं सुईण सांगते. आपण बोललो, तो बोलला, परत आपण, गप्पा अशा शिकतात म्हणे. टीव्ही काही त्याच्यासाठी थांबत नाही.

आणि आई, तूही थांबत नाहीस! व्हिडिओ कॉलवर तू ‘शोनुल्या, आजी बघ, आजी बघ’ सुरू करतेस, तो बिचारा उत्तराची जुळवाजुळव करतो, तोवर तू बडबडगीतावर पोचलेली असतेस. त्यात नेटमुळे आवाज उशिरा येतो. रविवारी त्याला एकच काहीतरी विचार आणि मनात दहा आकडे मोज. नाहीतर बाबांना पुढे बसव. गप्प बसायची त्यांना तशीही सवय आहे.

तुझी,
धाकटी