ताईच्या रिपोर्टमधलं बी-१२

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ताईचे पाय बधिर, तांबड्या पेशी फुगलेल्या आणि बी-१२ मात्र नॉर्मल. ‘तुमच्या लॅबचं मशीन खोटं बोलतं का रे?’ असं तू विचारलंयस. मशीन खोटं बोलत नाही, पण भोळं असतं.

रक्तात बी-१२ सुटं जवळजवळ सापडतच नाही. त्यातलं साधारण ७० ते ८० टक्के हॅप्टोकोरिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, उरलेलं ट्रान्सकोबालामिनला. यकृत सोडलं तर पेशी आत घेतात ते फक्त ट्रान्सकोबालामिनने आणलेलं. आम्ही मात्र दोन्हींची बेरीज छापतो.

मोजण्याआधी बी-१२ ला या प्रथिनांपासून सोडवावं लागतं. पूर्वी नमुना उकळायचे, आता बहुतेक ठिकाणी तीव्र अल्कली वापरतात. त्यात किंचित सायनाइडही घालतात, म्हणजे बी-१२ ची निरनिराळी रूपं एकाच रूपात येतात. (हे ऐकून आईने मला नोकरी बदलायला सांगितलं होतं.) आणि सोडवलेलं पकडायला पुन्हा प्रथिनच लागतं! जठरात बनणारं इन्ट्रिन्सिक फॅक्टर. ट्यूबमध्ये त्याच्यावरच्या जागा मोजक्याच ठेवतात. नमुन्यातलं बी-१२ आणि आपण घातलेलं खूण लावलेलं बी-१२ त्या जागांसाठी झटापट करतात. नमुन्यात बी-१२ जास्त असेल तर खुणेचं कमी चिकटतं. ही खूण पूर्वी किरणोत्सारी कोबाल्ट-५७ ची असे, आता प्रकाश देणाऱ्या रसायनाची असते.

या पद्धतीने एकदा चांगलंच फसवलंय. ही पद्धत येण्याआधी लॅक्टोबॅसिलस जिवाणू नमुन्यात वाढवून गढूळपणा मोजत. काम वेळखाऊ, शिवाय रुग्ण अँटिबायोटिकवर असला की जिवाणू वाढत नसत आणि बी-१२ उगाच कमी दिसे. म्हणून कोबाल्टची पद्धत सगळ्यांना आवडली. १९७८ मध्ये लक्षात आलं, की किटमधल्या इन्ट्रिन्सिक फॅक्टरमध्ये हॅप्टोकोरिनच्या जातीचं प्रथिन मिसळलेलं आहे. ते बी-१२ सारखे दिसणारे निरुपयोगी रेणूही धरून ठेवायचं. त्यामुळे खरी कमतरता असलेले रुग्ण नॉर्मल ठरत होते.

ताईच्या बाबतीत मला शंका येते ती वेगळी. पर्निशस ॲनिमियात (यात शरीर स्वतःच्याच इन्ट्रिन्सिक फॅक्टरच्या मुळावर उठतं, मग अन्नातलं बी-१२ शोषलं जात नाही) अनेकांच्या रक्तात इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या अँटिबॉडी असतात. नमुन्यावर प्रक्रिया करताना त्या पुरत्या निकामी झाल्या नाहीत, तर ट्यूबमधल्या इन्ट्रिन्सिक फॅक्टरलाही जाऊन चिकटतात. मग खुणेच्या बी-१२ ला जागा मिळत नाही, आणि मशीन समजतं नमुन्यात बी-१२ भरपूर आहे. म्हणजे ज्या आजाराने बी-१२ संपवलं, तोच आकडा वाढवतो. असा एक नमुना मी स्वतः तीनदा लावलाय. तिन्ही वेळा आकडा तोच आला, कंट्रोलही (म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना) बरोबर. मला वाटलं डॉक्टरांचंच चुकतंय. बी-१२ कमी पडलं की रक्तात साठणारं मिथिलमॅलोनिक ॲसिड भरमसाट वाढलेलं आल्यावर गप्प बसलो.

तेव्हा डॉक्टरांना त्या अँटिबॉडीबद्दल आणि मिथिलमॅलोनिक ॲसिडबद्दल विचार. मूत्रपिंड बिघडलं तरी ते ॲसिड वाढतं, म्हणून क्रिएटिनिनही हाताशी ठेव. होलोट्रान्सकोबालामिनची सोय असेल तर उत्तम, कारण त्यात ट्रान्सकोबालामिनवर बसलेलंच बी-१२ मोजतात.

आणि हो, रक्त बी-१२ च्या इंजेक्शनच्या आधी काढून घ्या. त्यासाठी उपचार मात्र लांबवू नका. नमुना दिला की त्याच दिवशी इंजेक्शन घेतलं तरी चालतं का, एवढं डॉक्टरांना विचार आणि मला कळव.

तुझा,
अनंत