याद्या साफ करा, पण नावे मोडू नका

मा. संपादक,

पतसंस्थांच्या वार्षिक सभा जवळ आल्या की आमच्या खानापूर तालुक्यात एक तक्रार हमखास कानावर येते : "पुस्तकात माझं नाव आहे, मग कॉम्प्युटर नाही कसं म्हणतो?" नंदगड-जांबोटी भागातल्या संस्थांच्या सभासद याद्या मी संगणकावर लावून देते. बहुतेक वेळा नाव बरोबरच असते, फक्त त्याच्या शेवटी न दिसणारी एक मोकळी जागा चिकटलेली असते. यंत्राच्या लेखी ते दुसरेच नाव. मग कणकुंबीची एखादी आजी लाभांशासाठी हेलपाटे घालत बसते.

याद्या साफ व्हायलाच हव्यात. पण ज्या पद्धतीने त्या साफ केल्या जातात, ती पाहून जीव तुटतो.

इंटरनेटवरून उचलून चिकटवलेल्या मजकुरात पुष्कळदा साधी स्पेस नसतेच. ओळ तुटू न देणारी वेगळी स्पेस असते, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, तिचा क्रमांक १६०. एक्सेलचे ट्रिम (जास्तीच्या स्पेस काढणारी आज्ञा) ३२ क्रमांकाची साधी स्पेस काढते, १६० ला हात लावत नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेचे ट्रिमही तिला सोडून देते. पायथन या दुसऱ्या भाषेचे स्ट्रिप (दोन्ही टोके साफ करणारी आज्ञा) मात्र ती काढते. हे कुणी सांगितलेले नसते, म्हणून नवशिकी मुले वैतागून 'अक्षर नसेल ते सगळे उडवा' असा सरसकट नियम लिहून मोकळी होतात.

तिथेच घात होतो. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सांकेतिक खुणांमध्ये) शब्दातल्या अक्षरासाठी जी खूण आहे, तिच्यात क, ख, ग बसतात. काना, मात्रा, वेलांटी बसत नाही. या नियमातून गेलेले 'खानापूर' बाहेर पडते ते 'खनपर' होऊन. 'निपाणी'चे 'नपण', 'चिक्कोडी'चे 'चककड'. असल्या नावांची अख्खी यादी एका कार्यालयातून माझ्याकडे आली आहे. कन्नड लिपीतल्या 'बेळगावी'चेही असेच 'बळगव' होते. सीमाभागात भाषेवरून कितीही ताणाताणी असो, या चुकीत दोन्ही भाषांची माणसे सारखीच भरडली जातात.

दुसरा प्रकार श्रीशैलचा. हे नाव आमच्याकडे गावोगाव. नावापुढचे 'श्री.' काढायचे म्हणून कुणी स्ट्रिपच्या कंसात 'श्री.' आणि एक स्पेस लिहितो. स्ट्रिप त्याला एक शब्द मानत नाही. श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, टिंब, स्पेस अशी सुटी चिन्हे धरते आणि टोकापासून जुळेल ते खात सुटते. 'श्री. श्रीशैल'मधला दुसरा श्री जातो, पाठोपाठ शै मधला श ही जातो. उरतात अधांतरी दोन मात्रा आणि एक ल. नेमका तेवढाच आरंभ काढणारे रिमूव्हप्रिफिक्स पायथन ३.९ मध्ये, म्हणजे २०२० पासून आहे. ते वापरावे.

दिसत नाही म्हणून कचरा, ही समजूत तर फारच महागात पडते. काही कीबोर्डांवर 'शेतकऱ्यांची'मधला ऱ्या ८२०५ क्रमांकाच्या अदृश्य जोडचिन्हाच्या आधाराने लिहिला जातो. ते काढले की यादीचा मथळाच 'शेतकर्यांची' होतो. कन्नडमध्ये राजकुमार लिहिताना ज आणि क वेगळे राखायला ८२०४ क्रमांकाचे चिन्ह घालतात. ते गेले की दोन्हींचे जोडाक्षर होऊन बसते.

बेळगावच्या कॉलेजांत आणि क्लासेसमध्ये प्रोग्रामिंग शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : स्ट्रिंगचा, म्हणजे मजकूर हाताळण्याचा, धडा इंग्रजी नावांवर संपवू नका, मुलांना श्रीशैल आणि चिक्कोडीही द्या. दोन्ही टोके साफ करणे, मधल्या जास्तीच्या स्पेसची एक करणे, एवढ्याने बहुतेक काम भागते. शब्दाच्या आत हात घालायचाच तर मूळ यादी आधी जपून ठेवायला शिकवा. आणि संस्थांच्या सचिवांनी साफ केलेली यादी जुन्या यादीशेजारी ठेवून गावातल्या जाणत्या सभासदाकडून वाचून घ्यावी, लाभांश वाटपाच्या आधी.

आपली,
एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)